चाकांवरचे घर

आमचे एक घर चाकांवर आहे, असे मी म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू उमटते. कादंबऱ्या लिहिणारा माणूस, काहीतरी अलंकारिक बोलत असेल, असे त्याला वाटते. मग त्याला हाताला धरून मागच्या परड्यात न्यावे लागते. तिथे रामफळाच्या झाडाखाली २०१० सालची एक ट्रॅव्हलर गाडी उभी आहे. तिच्यात समोरासमोर दोन बाके आहेत, मध्ये फळी टाकली की त्यांचा पलंग होतो. दाराजवळ शेगडीचा ओटा आहे, ओट्याखाली पाण्याचा कॅन, पलंगाच्या पायथ्याशी कपाट, आणि कपाटाच्या दाराला आतून आरसा. पाहुणा आत वाकून पाहतो, बाकावर बसून पाहतो, आणि हमखास विचारतो, "ह्यात राहता येतंय व्हय?" येते. माझी थोरली बहीण चार महिने राहिली आहे.

परदेशात अशा घरांची हौस जुनी आहे. जर्मनीत १९५१ सालापासून फोक्सवॅगनच्या गाडीत कपाट-बिछाना बसवून देत असत. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आमच्या नानांनी मात्र त्याच्या सहा वर्षे आधीच, कुठलेही धोरण न वाचता, आपले पर्यटन सुरू केले होते. नाना म्हणजे माझे वडील. एस. टी. त सुतार होते. पहिली काही वर्षे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काढली, पुढे कोल्हापूरला आले. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. त्या वेळच्या गाड्यांची बॉडी लाकडी असे आणि बसायला काथ्याच्या गाद्या असत. नाना नोकरीला लागले तेव्हा तो काळ सरला होता. परंतु त्यांना काम शिकवणारी माणसे त्या काळातली होती. त्यामुळे नानांच्या हाताला लाकडी गाडीचे वळण लागले ते कायमचे. आयुष्यभर लोकांच्या बसण्याची सोय केली, आता आपल्या बसण्याची करू, असे म्हणून त्यांनी २०१५ साली एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून ही जुनी गाडी घेतली आणि आठ महिने खपून आतले घर स्वतःच्या हाताने उभारले. आईला पंढरपूर दाखवले, तुळजापूर दाखवले, गणपतीपुळ्याचा समुद्र दाखवला. आईला समुद्रापेक्षा गाडीतला ओटा जास्त आवडला, हे तिने परत आल्यावर शेजारणींना सांगितले.

ही गाडी गळू लागली.

पावसाळ्यात गळणे म्हणजे काय, हे कोडोलीच्या माणसाला सांगायला नको. आमचा तालुका पन्हाळा. त्या नावाची व्युत्पत्ती पंडित लोक निराळी देतात, पण मला मात्र आषाढात ते नाव ऐकले की छपराची पन्हाळच आठवते. जोतिबाच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की आठ आठ दिवस हलत नाहीत. म्हणून वैशाखात आमच्याकडे घरे शाकारायची, फुटकी कौले काढून नवी बसवायची, वाशांना हात लावून पाहायचा, हा लग्नकार्याइतकाच ठरलेला कार्यक्रम असे. आता स्लॅब आले, तरी जुन्या आळ्यांतून अजून शाकारणी चालते. कौलारू घराची गळती तशी सरळ स्वभावाची. वर मान केली की फुटक्या कौलातून आकाशाचा तुकडा दिसतो. तिथे नवे कौल सरकवले की संपले. गाडीचे तसे नाही. वर पत्रा, त्याखाली पट्ट्या, त्याखाली प्लायवूड. पाणी एका ठिकाणी आत शिरते, पट्टीवरून सरपटत जाते, सांध्यात थांबते, वळण घेते, आणि भलत्याच कोपऱ्यात ठिबकते. ठिबकते तिथे आपण भांडे ठेवतो, आणि औषधही तिथेच करतो.

आमच्या गाडीला गेल्या पाच-सहा वर्षांत असली पुष्कळ औषधे झाली. थेंब पडे तो मागच्या डाव्या कोपऱ्यात, पलंगाच्या उशाशी. म्हणून त्या कोपऱ्याच्या टपावर आधी डांबर झाले. मग एका जाणकाराने सिलिकॉनची नळी आणून दिली, ती पिळून झाली. सिलिकॉनविषयी माझे मत वाईट आहे. पहिले वर्षभर ते छान दिसते. पुढे उन्हाने आणि गाडीच्या हादऱ्यांनी त्याची कड सुटते, आणि त्या सुटलेल्या कडेखाली पाणी आरामात बसून राहते. शिवाय एकदा ते लागले, की त्याचा ओशट थर पूर्ण खरवडल्याशिवाय त्या जागी दुसरे काही चिकटत नाही. सिलिकॉननंतर दोन घटक मळून लावायची ती राखाडी लांबी झाली. सगळ्यांवर दर पावसाळ्यात ताडपत्री होतीच. ताडपत्रीखाली गाडी कोरडी राहते असे वाटते, प्रत्यक्षात तिच्या पोटातला दमट वास बाहेर जायचा बंद होतो.

गाडी गळते आहे हे नाना मान्य करत. लाकडाला काही झाले असेल हे मान्य करत नसत. "आतलं लाकूड माझ्या हातचं हाय," एवढेच बोलत. त्यावर पुढे बोलायची सोय नसे.

एखाद्याला वाटेल, जुनी गाडी, इतका घोळ कशाला? भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला होता आणि त्याचा भाव अगदीच वाईट नव्हता. त्यातच, खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे या डिसेंबरात संपतात. पुढच्या पाच वर्षांसाठी कागद नवे करायचे तर गाडी तपासणीला न्यावी लागते. फळी कुजलेली, पत्रा गंजलेला असा संसार घेऊन तिथे उभे राहण्यात अर्थ नव्हता. एक तर गाडी दुरुस्त करायची, नाही तर देऊन टाकायची. माझी बायको व्यवहारी आहे. ती म्हणाली, "अहो, देऊन टाकू या. पोरीच्या फीला होतील." तिचे बरोबर होते. मी तिला हो म्हणणारही होतो. पण सुट्टीत अक्का आली.

अक्काचे घर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठच्या गावात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी तिथे ४३ फुटांची आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. त्याआधी दोन दिवस, रस्ते चालू होते तेवढ्यात, अक्का तिची दोन मुले आणि सासू घेऊन आमच्याकडे पोचली. दाजी जनावरांपाशी मागे राहिले. आमचे घर दोन खोल्यांचे. नानांनी गाडी वळवून तिचे दार आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर आणले आणि अक्काला म्हणाले, "ही तुझी खोली." पाणी उतरल्यावर कळले, तिच्या घराच्या पांढऱ्या मातीच्या तीन भिंती बसल्या होत्या. त्या पुन्हा उभ्या राहीपर्यंत चार महिने चौघे जण गाडीत राहिले. तिथेच मुलांनी अभ्यास केला, तिथेच सासूबाईंनी जपमाळ ओढली, तिथेच अक्काने दिवाळीची करंजी तळली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. त्या खेपेला ती आठवडाभरच राहिली.

गाडी विकायचे चालले आहे, हे कुणीतरी तिच्या कानावर घातले. ती परड्यात जाऊन गाडीच्या पायरीवर बसली. मी गेलो तेव्हा म्हणाली, "तुझी वस्तू हाय बाबा, मी काय बोलू? फक्त आषाढ लागला की रात्री नदीचा आवाज येतोय. मग ही गाडी डोळ्यांपुढं आणते आणि झोपते. एवढंच."

मी शाळेत हस्तव्यवसाय शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. करवत-पटाशी नानांकडून आली, म्हणून ही नोकरी मिळाली. अक्का उठून आत गेल्यावर मी हत्यारांची पेटी उघडली.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्याची युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. ती स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याने सांगितली. मी त्याच्यापुढे आमचे रडगाणे गात होतो. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, भोक काय बाहेरनं पाणी मारून सापडत न्हाई. आत हवा भरा, मग ते आपणच बोलतंय." पुढे मला कळले, की परदेशात अशा गाड्या दुरुस्त करणारे कारागीर हेच करतात. आत पंख्याने हवा कोंडतात आणि बाहेरून साबणाचे पाणी फिरवतात. तिकडच्या कित्येक जुन्या गाड्यांच्या भिंती म्हणजे बारीक लाकडी चौकट, आतून पातळ प्लायवूड आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. एका स्क्रूच्या भोकातून पाणी गेले तरी दोन-चार वर्षांत भिंत पोकळ होते. आमच्या पंक्चरवाल्याला तिकडचे काही माहीत असण्याचे कारण नव्हते. ट्यूब आणि घर यांत त्याला फरक दिसला नाही, एवढेच.

आम्ही तसेच केले. दारेखिडक्यांच्या फटी कागदी चिकटपट्टीने बंद केल्या. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्याला भोक पाडले आणि ओळखीच्या दुकानातून संगणकाची धूळ उडवायचा ब्लोअर आणून त्या भोकात त्याचे तोंड बसवले. आत हवा भरू लागली. मी शिडीवर चढून रंगाच्या ब्रशाने टपाच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावत निघालो. खाली नाना खुर्ची टाकून बसले होते. प्रथम अर्थातच मागचा डावा कोपरा. डांबर, सिलिकॉन, लांबी, सगळे थर एकावर एक. तिथे एकही बुडबुडा आला नाही. इतक्या औषधांनी तो कोपरा ठणठणीत झाला होता. किंबहुना तो कधी आजारी नव्हताच. ब्रश पुढे सरकत गेला. छताच्या वाऱ्याच्या झरोक्याभोवती थोडा फेस आला. आणि पार पुढे, चालकाच्या डोक्यावर उजव्या बाजूला, रंगाखाली चार बारीक फोड होते, तिथे ब्रश लागताच चार ठिकाणी शेवंतीच्या फुलासारखा फेस उमलला.

आधीच्या मालकाने टपावर सामानाचा कॅरिअर बसवला होता. विकताना तो काढून घेतला, आणि बोल्टांच्या भोकांत स्क्रू पिळून, वर लांबी भरून रंग मारला. लांबी आणि पत्रा यांचे कधी जमत नाही. उन्हात पत्रा फुगतो, रात्री आक्रसतो, आणि लांबी जागच्या जागी राहून तडकते.

"पण नाना, पुढं शिरलेलं पाणी मागं कसं?" मी वरून विचारले.

नाना बराच वेळ गाडीकडे नाही, जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "पयल्या चार वर्षांत कुठं गळत हुतं?"

मला आठवले. सुरुवातीला थेंब पडायचा तो चालकाच्या दारापाशी. तो आपोआप थांबला, म्हणून आम्ही खूश झालो होतो.

"अक्का आली तवा गाडी वळवली," नाना म्हणाले. "परड्याला उतार हाय. आधी तोंड खाली हुतं. आता बूड खाली हाय."

शाळेत सपाटीचा तास घेतो मी, पाणसळ कशी लावायची ते मुलांना शिकवतो, पण हे उत्तर नानांचे. दोन गळती नव्हत्याच. एकच पाणी, गाडी वळली तसे तेही वळले होते. माझ्या कादंबऱ्यांविषयी एका चोखंदळ वाचकाने मागे लिहिले होते, की अकराव्या प्रकरणात गोष्ट ढिली पडते. ते पत्र त्या दिवशी मला निराळ्या अर्थाने आठवले, पण तो विषय वेगळा.

पाण्याचे घर सापडले, आता त्याची वाट उघडायची होती. म्हणजे छताच्या पट्टीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत नानांचे काम उचकटायचे. मी गप्प राहिलो. नाना उठले, पेटीतला पेचकस घेतला, उलटा धरला आणि त्याच्या मुठीने पुढून मागे भिंत वाजवत निघाले. टक्, टक्, टक्. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कानाला जरा कमी ऐकू येते, पण लाकडाचा आवाज त्यांना ऐकू येतो. खिडकीपर्यंत आवाज खणखणीत. खिडकीच्या पुढे तो बसका झाला. पलंगाच्या उशाशी तर पेचकस नव्हे, कुणी उशीवर बोट मारावे तसे वाटले. नानांनी आरी मागितली. सांध्यावर टेकवली आणि अंगठ्याने दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात जावी तशी.

त्यांनी आरी तशीच तिथे ठेवली आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. आईने चहा आणून दिला. तो निवला तरी त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "काढ."

दुसऱ्या दिवशी प्लायवूडचे तक्ते उतरवले. मागच्या कोपऱ्यातली उभी पट्टी बाहेरून रंगीत आणि साबूत दिसत होती. हातात घेतली तर तिचे चौकोनी तुकडे पडले, भाजलेल्या बिस्किटासारखे. लाकूड कुजते ते पाण्याने नव्हे, बुरशीने. ती बुरशी लाकडातला तंतू खाते आणि तपकिरी कोरडा भुगा मागे ठेवते. मात्र तिला ओल लागते. लाकडात शेकडा वीसच्या खाली ओल असेल तर तिचे काही चालत नाही. म्हणजे बुरशी मारण्यापेक्षा लाकूड कोरडे राखणे महत्त्वाचे. जमिनीची फळीही पलंगाखाली तीनेक फूट गेली होती आणि तिच्याखालचा लोखंडी पट्टा गंजून पापुद्रे धरू लागला होता. एका प्लायवूडच्या पाठीवर नानांच्या हातचे पेन्सिलीचे हिशेब निघाले. खिळे, फेव्हिकॉल, बिजागऱ्या, आणि शेवटी "चहा ४०". ते वाचून आई हसली, आणि नानाही पहिल्यांदा हसले.

"एस. टी. त आमी पट्टी आन् पत्रा ह्यांच्या मधी बोटभर जागा सोडायचो," ते मग म्हणाले. "पाणी आलं तरी वारं लागून सुकायचं. हितं जागा कमी पडत हुती. तुझ्या आईला कपाट मोठं पायजे हुतं." आई यावर काही बोलली नाही. कपाट खरोखरच मोठे होते आणि ते तिला अजूनही हवे होते.

आणि आमची गाडी अशी उघडी-वाघडी असताना पाऊस आला. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या मे महिन्याचा पाऊस वाचकांच्याही लक्षात असेल. मोसमी वारे २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचले. मुंबईच्या नोंदींत ते इतक्या लवकर कधी आले नव्हते. आमच्याकडे तर त्याआधीच वळवाने मुक्काम ठोकला होता. वैशाखात शाकारणीला चढलेली माणसे अर्ध्या कौलांनिशी खाली उतरली. नावे ठेवलेली ताडपत्री मलाच पुन्हा बांधावी लागली, पण या वेळी बांबूंवर उंच, मांडवासारखी, म्हणजे खालून वारा खेळेल. ओल्या चौकटीवर नवे लाकूड ठोकणे म्हणजे कुजके बी पेरणे. म्हणून घरचा पंखा आणि दोन मोठे दिवे गाडीत लावून सोळा दिवस आम्ही नुसते सुकवत बसलो. त्या सोळा दिवसांचे विजेचे बिल मी बायकोला दाखवले नाही. तिनेच ते भरले, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

नवे लाकूड विकत आणावे लागले नाही. अक्काच्या पडलेल्या घराची सागवानी तुळई २०१९ पासून आमच्या पडवीत उभी होती. टाकून द्यायला निघाले होते, ती नानांनी "कधीतरी लागंल" म्हणून ट्रॅक्टरवर घालून आणली होती. पुरात भिजून, सहा वर्षे सावलीत वाळून ती घंटेसारखी वाजत होती. तिच्या पट्ट्या काढल्या. कुजलेल्या भागाच्या पुढे वीतभर चांगले लाकूडही कापून टाकायचे, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात. हे करताना जीव कासावीस होतो. नानांनी पेन्सिलीने रेघ मारली, मी करवत लावली. सरळ सांधा न करता लांब तिरकस केला. त्याला डिंक धरायला जागा जास्त मिळते आणि गाडी हादरली तरी तो उकलत नाही. नानांचा हात आता थरथरतो. रंधा मारता येत नाही, पण रंध्याचे पाते किती बाहेर काढायचे ते त्यांनाच कळते. ते पाते लावून देत आणि मी ओढत असे. जमिनीला समुद्री प्लायवूड घातले, ज्याच्यावर आय. एस. ७१० असा शिक्का असतो ते. ते महाग पडते, पण त्याच्या थरांमधला डिंक पाण्याने सुटत नाही. कापलेल्या कडांना मात्र दोन हात एपॉक्सीचे द्यावे लागतात, नाही तर पाणी कडेनेच चढते.

लोखंडाचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साईड लावले. टपाची भोके झाळून घ्यावीत असे गॅरेजवाला म्हणत होता, पण त्या आचेने आतले सगळे पुन्हा जळाले असते. म्हणून जुनी लांबी उकरून, पत्रा उघडा करून, भोकांवर छोटे पत्र्याचे ठिगळ बसवले. खाली चिकट ब्युटाइलची पट्टी, कडेने पॉलियुरेथेनचे सीलंट. हे सीलंट सुकल्यावरही रबरासारखे लवचिक राहते आणि पत्र्याबरोबर हलते. कोकणात होडीच्या फळ्यांच्या फटींत सुताचे पेड ठोकून वर राळ-तेल देतात, त्यातले तत्त्व हेच. सांधा घट्ट हवा, पण ताठ नको.

आणि पट्टी व पत्रा यांच्यामध्ये या वेळी जागा सोडली. तेवढ्यासाठी पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबचे जाड तुकडे कापून दिले. त्याचे पैसे घेतले नाहीत. "बुडबुडं आलं न्हवं?" एवढेच विचारले. भिंतीच्या तळाशी नानांनी पत्र्याला तीन बारीक भोके पाडायला लावली. मी म्हणालो, "नाना, भोकं बुजवायला दोन महिने घालवले, आता तुम्ही नवी पाडता?" ते म्हणाले, "आरं, पाणी येणारच कधी ना कधी. जायाला वाट नगो?" आईच्या कपाटाची खोली मात्र चार बोटे कमी झाली. तिने आत हात घालून पाहिले आणि आरसा पुन्हा होता तिथेच लावा म्हणून सांगितले.

तक्ते परत ठोकायच्या आधी नानांनी नव्या पट्टीवर पेन्सिलीने माप, तारीख आणि "अक्काची तुळई" असे लिहिले. पुन्हा कुणी उघडेल त्याला हिशेब लागेल, म्हणाले. विजेच्या बिलाची ओळ मी त्यात घालू दिली नाही.

गौरीला अक्का माहेरी आली. नदीला पाणी होते, पण गावात शिरलेले नव्हते, ती आपल्या सणाला आली होती. घरात जागा असूनही अंथरूण घेऊन गाडीत गेली. रात्री पावसाने जोर धरला. मी दोनदा उठून खिडकीतून पाहिले, गाडीतला दिवा बंद होता. नाना पडवीत बसून होते, त्यांना झोप लागत नव्हती की त्यांना ऐकायचे होते, कोण जाणे. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर पलंगाच्या उशाशी, त्याच कोपऱ्यात, अक्काने सवयीने पितळेची परात मांडून ठेवली होती. ती कोरडी ठाक होती. अक्काने ती पदराने पुसली, मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "पीठ आण आतनं. गौरीच्या पुरणपोळीची कणीक हितंच मळते."